आडवी सायकल आणि मानद सल्लागार

४ जानेवारी, रविवार. सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे.
वेळ लिहून ठेवते आहे, पुढे लागेल. आज या वेळी, दंतवैद्यांच्या दिवाणखान्यात, त्यांच्याच भिंतीवरच्या घड्याळासमोर, मला माझ्या सायकल क्लबच्या कॅप्टनपदावरून काढण्यात आले. माझ्या म्हणजे मी काढलेल्या. दोन सायकली आणि एक थर्मास एवढ्यावर हा क्लब मी उभा केला, तेव्हा यातल्या निम्म्या ज्येष्ठ नागरिकांना मडगार्ड कुठे असते तेही ठाऊक नव्हते.
नवी कॅप्टन माझी सख्खी धाकटी बहीण. कानामागून आली आणि तिखट झाली.
कारण काय, तर माझी पाठ. ऑगस्टपासून मी सीटवर बसलेली नाही, आणि कॅप्टन सायकलवर असावा लागतो म्हणे. जहाजाचा कॅप्टन काय पोहत असतो?
मला 'मानद सल्लागार' केले. वर टाळ्या. म्हणजे उंटही नाही, शेळ्याही नाहीत, नुसतेच हाकत बसायचे. सभेला खुर्ची मिळेल, आणि रविवारची फेरी आटोपल्यावर दंतवैद्यांकडे जो चहा होतो त्याला यायचे, एवढा अधिकार.
ठराव दंतवैद्यांनी मांडला. अनुमोदनाला हात वर केला ह्यांनी. माझ्या लग्नाच्या नवऱ्याने. वाटेत विचारले तर म्हणतात, अगं, मी बिस्किटांची बशी मागत होतो. बशी त्यांच्या मांडीवर होती.
लेखी खुलासा मागितला आहे. परीक्षा विभागाची अधीक्षक म्हणून आयुष्य काढले. तोंडी खुलासे मी तेव्हाही ऐकत नव्हते.
संकल्प: पंधरा मार्चला क्लबची तळ्याभोवतीची मोठी फेरी आहे. त्या दिवशी सर्वांच्या पुढे मी असेन. कशी, ते उद्या ठरवते.

५ जानेवारी
ठरले नाही. खुलासाही आला नाही.

६ जानेवारी
पाठीच्या डॉक्टरांकडे. वाकून बसायची सायकल आता विसरा म्हणाले. मला विसरायला सांगणारे सगळे माझ्याहून लहान असतात.
वेटिंग रूममध्ये जुने मासिक. त्यात फोटो. एक गृहस्थ आरामखुर्चीत रेलावे तसे रेलून, पाय पुढे पसरून, सायकल चालवत आहेत. चेहऱ्यावर पेन्शनचे सुख. फोटो घेऊन तशीच परत आत गेले. डॉक्टर म्हणाले, हिच्यामुळे पाठीला धोका नाही. बाकीच्या अवयवांचे मी विचारले नाही, ते बोलले नाहीत.

९ जानेवारी
सायकलचे दुकान. आडव्या सायकलीला रिकंबंट म्हणतात. दुकानदाराने आधी आजी म्हटले. माझ्याकडे एकदा नीट बघितल्यावर मॅडम. त्याच्याकडे एकच होती, पिवळी, कोणीतरी परत केलेली. का परत केली, विचारले. म्हणाला, त्या साहेबांना धीर नव्हता. म्हटले, मला आहे. हे म्हणाले, कधीपासून?
दुकानदार म्हणतो शिकायला आठवडा लागतो. मला तीन दिवस पुरतील. कॉन्व्हेंटमध्ये दोन चाकांवर सगळ्यांत आधी मीच उभी राहिले होते.
घेतली. चेन एवढी लांब की तिच्यातून तीन सायकलींच्या चेन निघतील. मागे काठीला केशरी झेंडा. आपण जमिनीलगत असतो ना, गाड्यांना दिसावे म्हणून. मी कधी कोणाला दिसले नाही, असे आजवर झालेले नाही. पण असू दे.

११ जानेवारी, रविवार
पहिला धडा, इमारतीच्या पार्किंगमध्ये. उत्तम.
एकच मुद्दा. या सायकलवर दोन्ही पाय आपल्यासमोर, जवळजवळ छातीच्या उंचीवर. एक पाय पेडलवर ठेवून रेटा द्यायचा आणि दुसरा तत्क्षणी उचलायचा. तत्क्षणी म्हणजे किती क्षणी, हे माहितीपत्रकात नाही. ह्यांनी सीटचा पाठीमागचा दांडा धरला. मी जवळपास संपूर्ण पार्किंग पार केले असते, पण मध्ये खांब आहे. तो तिथे का आहे याचे समाधानकारक उत्तर वॉचमनही देऊ शकला नाही. म्हणाला, वर पाच मजले आहेत बाई.
हे मागे उभे राहून अंगण वाकडे असल्याबद्दल काहीतरी पुटपुटले. ऐकू आले नाही असे दाखवले.

१२ जानेवारी
विश्रांती. कोपर.

१४ जानेवारी
चूक सापडली. चूक माझी नाही, माझ्या शाळेची आहे.
सायकल म्हणते, रेला. पाठ सीटला टेकवा, डोके मागे सोडा, हँडल दोन बोटांनी धरा. मी सीटवर ताठ बसते. ताठ बसायचे तर हँडलला लटकावे लागते, लटकले की चाक वळते, वळले की खांब. पण मी रेलणार कशी? आमच्या मदर सुपीरियर हातात पट्टी घेऊन बाकांमधून फिरायच्या. मुलींनो, तुमची पाठ आणि खुर्चीची पाठ यांची ओळख झालेली मला चालणार नाही. तेव्हापासून नाही झालेली. सिनेमात नाही, रेल्वेत नाही, लग्नाच्या स्टेजवर तर नाहीच. माझ्या हाताखालच्या कारकुनांचीही मी होऊ दिली नाही.
आणि आता चारचौघांत, लोकांकडे तळपाय करून, लोळत जायचे?
ह्यांना म्हटले, मी या सायकलला ताठ बसणे शिकवीन. हे म्हणाले, बघ, ऐकली तर.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी साडेसहा.
क्लब खालून गेला. आधी दंतवैद्यांची घंटा, ती बसकी. मग बाकीच्या. धाकटीची घंटा मुद्दाम दोनदा वाजते, आमच्या खिडकीखाली. मी पडदा उघडला नाही. हेही गेले त्यांच्याबरोबर. मी म्हटले होते जा म्हणून, पण इतक्या चटकन?
चहा एकटीने घेतला. साखर विसरले, तशीच प्यायले.
नंतर धाकटीचा फोन. ताई, चहाला ये ना, सल्लागार आहेस तू. म्हटले, पहिला सल्ला घे: तुझ्या मागच्या चाकात हवा कमी आहे. ती म्हणाली, तुला कसं कळलं, पडदा तर बंद होता. फोन ठेवला.

२३ जानेवारी
प्रगती. एकदम उडी न घेता टप्प्याटप्प्याने जावे असे ठरवले. पहिला टप्पा: स्थिर सराव. चाकांना दोन्हीकडून विटा लावायच्या आणि सीटवर बसून सायकलची सवय करायची. हलत नसताना रेलायला मदरची हरकत नसावी. आज पाऊण तास. पाठ टेकली. प्रथमच. कोणी पाहिले नाही.

२६ जानेवारी
स्थिर सराव, दोन तास. पार्किंगच्या जाळीतून दहाच्या सुमारास उन्हाचा एक चौकोन येतो आणि बरोबर माझ्या पोटावर बसतो, मांजरासारखा. चहा आणि लोणी लावलेला टोस्ट खालीच मागवला. कप ठेवायला पोट उत्तम. त्याचा कोन टेबलापेक्षा चांगला. संत्रे सोलले. सोललेल्या संत्र्याचा वास पडून घेतला की वेगळा येतो, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळावे!
पहिल्या मजल्यावरची बाई कुकरला शिव्या देते. कुकर दाद देत नाही. बराच वेळ ऐकले.

३० जानेवारी
स्थिर सराव. डोळे मिटून तोल साधण्याचा प्रयोग. हे जेवायला उठवायला आले.

३ फेब्रुवारी
शोध! सराव आज गेटपाशी, उघड्यावर. पडून वर पाहिले की इमारतीच्या गॅलऱ्यांच्या खालच्या बाजू दिसतात. सत्तावीस वर्षे या घरात राहते, कधी पाहिल्या नव्हत्या. प्रत्येक गॅलरीचा गिलावा वेगळ्या हाताचा. दुसऱ्या मजल्याखाली गवंड्याने थापी अर्धगोल फिरवली आहे, माशाच्या खवल्यांसारखी ओळ. तिसऱ्याखाली नुसती घाई. चौथ्याखाली, अगदी कोपऱ्यात, चार बोटे उमटली आहेत. ओल्या गिलाव्यावर कोणीतरी तोल जाताना हात टेकला असणार.
चित्रकलेची वही आणली. बोटे काढली. लेकीला फोटो पाठवला. तिचा उलट फोन, आई, केळी छान काढलीस.

५ फेब्रुवारी
हलता सराव पुन्हा सुरू. चाक हलले की पाठ आपोआप ताठ होते. तिला मी सांगत नाही, ती होते. याला संस्कार म्हणतात.
गेटपासून दिव्याच्या खांबापर्यंत. खांब पार्किंगबाहेरही आहेत. असो.

८ फेब्रुवारी, रविवार
घंटा. पडदा.
फेरीहून आल्यावर ह्यांनी सांगितले, दंतवैद्यांकडे माझी खुर्ची रिकामी ठेवतात. तिच्यावर कोणी बसत नाही. ओल्या टोप्या ठेवतात.

१२ फेब्रुवारी
कलेसाठी बाहेर. सार्वजनिक वाचनालयात गेले. वाचनकक्षात खुर्चीत जरा घसरून, मान मागे टाकून छत पाहिले. या वाचनालयातून मी आयुष्यभर पुस्तके नेली, उशिराचा दंड एकदाही नाही, आणि छत रंगवलेले आहे हे आज समजले! वेली, त्यांत पक्ष्यांची रांग. सगळे पक्षी सारखे, फक्त खिडकीवरच्या एकाला दोन्ही पंख एकाच बाजूला. चित्रकारही परांचीवर पडून रंगवत असणार, मान अवघडली असणार, दिवस मावळत असणार. इतकी वर्षे तो पक्षी एका बाजूच्या बळावर उडतो आहे आणि खाली कोणाला पत्ता नाही.
ग्रंथपाल येऊन हळूच विचारू लागला, मॅडम, बरं वाटत नाहीये का, कोणाला बोलावू? म्हटले, बस आणि वर बघ. बसला. त्यानेही मान मागे टाकली. मग तो म्हणाला, आयला. मग सॉरी म्हणाला.
पक्षी वहीत उतरवला. ह्यांना दाखवला. किटली का, म्हणाले. कलेला घरात किंमत नसते.

१७ फेब्रुवारी
शिंप्याने ह्यांच्या पँटी कमरेत आत घेतल्या, सगळ्या. माझ्या सायकलमागे रोज वाकून पळाल्याने पोट गेले. शिंपी म्हणाला, साहेब दहा वर्षांनी लहान दिसतात. माझ्या व्यायामाचा फायदा ह्यांना झाला. मला कोपर मिळाले.

२२ फेब्रुवारी, रविवार
घवघवीत यश. गेटपासून औषधाच्या दुकानापर्यंत, सलग, न पडता. हे पाठीमागे होते, पण दांडा त्यांनी कधीच सोडला असावा अशी माझी समजूत आहे. विचारले नाही. विचारून यश लहान होते.
दंतवैद्य गॅलरीतून ओरडले, वा, काय पळता! कौतुक माझे होते हे उघड आहे, क्रियापद चुकले.
हिशोब: जानेवारीत खांबापर्यंत, फेब्रुवारीत औषधाच्या दुकानापर्यंत. याच गतीने मार्चच्या मध्याला तळ्याला वळसा सहज. त्रैराशिक कधी खोटे बोलत नाही.

१ मार्च, रविवार
धाकटी घरी आली. सायकलकडे पाहून तोंड दाबून धरले. मी तीन वर्षांची असल्यापासून तिला ओळखते. तोंड दाबले की आत काय असते ते मला माहीत आहे.
प्रस्ताव घेऊन आली होती. ताई, मी जोडसायकल भाड्याने घेते. मी पुढे, तू मागे. तुला नुसतं बसायचंय. म्हटले, मागे बसायला मी काय भाजीची पिशवी आहे? म्हणाली, पिशवी बोलत नाही.
जाताना दारात चपला घालत म्हणाली, तू नसलीस की रविवारी कोणी भांडतच नाही गं. सगळे एकमेकांना हो हो म्हणतात आणि आठ वाजता घरी जातात. कंटाळा येतो.
ही तिची जुनी युक्ती आहे. लहानपणी माझी रंगपेटी हवी असली की अशीच बोलायची. मी द्यायचे, ती गोष्ट वेगळी.
तिला सांगितले, पंधरा तारखेला सर्वांच्या पुढे बघ. ती म्हणाली, बरं ताई.

७ मार्च
सराव नाही. वारा होता.

८ मार्च
वारा नव्हता, पण येईल असे वाटले. स्थिर सराव. टोस्ट.

१३ मार्च
ह्यांना अखेर विचारले, तुम्ही दांडा सोडता ना? हे चष्मा पुसू लागले. हे चष्मा पुसू लागले की परीक्षार्थी टेबलाखाली काय लपवतो आहे ते समजते. विषय बदलला. मीच.

१५ मार्च, रविवार. संध्याकाळ.
क्रमाने लिहिते, कारण उद्या अफवा सुरू होतील.
सकाळी सातला सगळे टेकडीवरच्या नाक्यावर जमले. सायकल टेंपोने आणली. धाकटी म्हणाली, ताई, तू आधी हो पुढे, आम्ही गाठतो. म्हणजे पुढे मीच होते. याला अकरा साक्षीदार आहेत. ह्यांनी दांडा धरला, पळाले, रेटा दिला. नाक्यानंतर उतार आहे. मागून ह्यांचा आवाज आला, सोडलं गं! आवाज फार लांबून आला. यावरून इतके दिवस त्यांनी धरलेच होते, असे कोणी म्हणू नये.
वेग वाढला. मी ताठ. हँडल उजवीकडे, डावीकडे, मग दोन्हीकडे. तेवढ्यात समोरून दुधाची गाडी. तिला टाळून निघाले आणि मागे पडले. म्हणजे सीटवर मागे पडले. पाठ टेकली. डोके टेकले. आणि सायकल, जिला मी दोन महिने शिकवत होते, एकदम सरळ चालू लागली.
मला शिव्यांचे शब्द ठाऊक आहेत, वापरले नाहीत. सुखाचे शब्द शोधत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडे वर एकमेकांत गेलेली. पानांच्या फटींतून आकाश नाण्यांसारखे सांडत होते आणि मी त्या खालून घरंगळत होते, पाय पुढे करून, कोणाचीही माफी न मागता. दोन फांद्या एकमेकींवर घासून गुळगुळीत झालेल्या. एक घरटे, त्यातून लोंबणारी निळी सुतळी. इतकी वर्षे याच रस्त्यावर मी पुढच्याचे मडगार्ड पाहत गेले होते.
पुढे रस्त्याला फाटा आहे. तळे डावीकडे. मी सुतळी पाहत होते. मागून धाकटी, ताई, डावीकडे, डावीकडे! असे ओरडत होती म्हणे. मला वाटले, शाबासकी देते आहे.
उजवीकडे गेले. आणि माझ्यामागे सगळा क्लब उजवीकडे आला, कारण नियम आहे: पुढच्याच्या मागे जावे, प्रश्न विचारू नयेत. नियम मीच केलेला, पहिल्याच वर्षी.
उजवीकडे शहराचे सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र आहे. फाटक टँकरसाठी उघडे होते. आत मोठी गोल टाकी, तिच्याभोवती छान सिमेंटचा गोल रस्ता. थांबायचे कसे हे सरावात आले नव्हते, कारण तिथे नेहमी खांब असे. मी टाकीला वळसा घातला. क्लबनेही घातला. दुसरा घातला. रखवालदार शिट्टी वाजवत टाकीला उलटा वळसा घालत होता, त्यामुळे तो दर फेरीत भेटायचा. तिसऱ्या वेळेला मी वाळूचा ढीग निवडला.
वास होता. नाकारत नाही. दंतवैद्यांनी रुमाल बांधला, तो अजून सोडलेला नाही. सँडविच कोणी खाल्ली नाहीत. रखवालदाराला दिली, त्याला सवय आहे. धाकटी जमिनीवर बसून हसत होती. उठवायला दोघे लागले.
माझे म्हणणे एवढेच: फेरीच्या ठरावात 'तळ्याभोवती फेरी' असे लिहिले आहे. कोणते तळे ते लिहिलेले नाही.

१६ मार्च
क्लबची तातडीची सभा. मला बोलावणे नाही. हे जाऊन आले. ह्या वेळी आपण दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो, हे त्यांनी दारातच, बूट काढायच्या आधी सांगितले.
निर्णय: धाकटी कॅप्टन म्हणून कायम. पुढच्याच्या मागे जाण्याचा नियम रद्द. मला वाटले, झाले.
ह्यांनी चष्मा काढला. म्हटले, पुसू नका, बोला.
मानद सल्लागार हे पदही रद्द. दंतवैद्यांचे म्हणणे, क्लबला सल्ला फार महागात पडतो; रुमाल तीनदा धुतला. म्हणजे सभेची खुर्ची नाही, रविवारचा चहा नाही. खुर्ची आतल्या खोलीत ठेवून दिली. टोप्यांना स्टँड आणणार आहेत.
विचारले, धाकटी काय म्हणाली? ती मतदानात तटस्थ होती, म्हणाले. इतकी हसत होती की कोणत्या बाजूचा हात आहे ते समजेना.
जेवले नाही. सायकल वर आणली नाही, खालीच आहे.

१७ मार्च, मंगळवार. सकाळी ९ वाजता.
धाकटीला द्यायच्या पत्राचा मसुदा. आधी इथे लिहिते, मग चांगल्या कागदावर.

प्रति, कॅप्टन,
१. मानद सल्लागार हे अत्यंत मानाचे, जबाबदारीचे आणि क्लबच्या परंपरेतले पद आहे. ते चार जानेवारीला, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, टाळ्यांच्या गजरात मला देण्यात आले. मी ते नाकारल्याची नोंद कुठेही नाही. मी फक्त चहाला आले नाही. चहा म्हणजे पद नव्हे.
२. असे पद सभेला न बोलावता, रुमालाच्या कारणावरून काढून घेणे हा अन्याय आहे. परीक्षार्थ्यालाही मी बाजू मांडू देत असे.
३. सल्ला महागात पडतो, हा आरोप खोटा आहे. तुझ्या मागच्या चाकात हवा कमी होती की नव्हती?
४. सबब पद, खुर्ची आणि चहा तिन्ही पूर्ववत करावे. सायकल चालवण्याची अट नसावी. आडव्या सायकलवरून वर काय काय दिसते हे सभासदांना सांगायला मी तयार आहे. त्यासाठी हलावे लागत नाही.
५. एकतीस मार्च, सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी उत्तर मिळावे. मुदतीनंतर आलेले उत्तर विचारात घेतले जाणार नाही.
६. उत्तर लेखीच हवे. फोन करू नये. तू फोन केलास तर मी उचलेन, तू ताई म्हणशील, आणि मग या पत्राचा काही उपयोग राहणार नाही.